शाल, श्रीफळ आणि कच्चा खर्डा

आटपाडी हा सांगली जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. पाऊस बेताचा, बाजार शेळ्यामेंढ्यांचा, आणि तरुण पोरे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली. या एका तालुक्याने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला चार अध्यक्ष दिले. ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळला, व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला, शंकरराव खरात १९८४ साली जळगावला आणि ना. सं. इनामदार १९९७ साली अहमदनगरला. खरात वकील झाले, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. माडगूळकर बंधूंचे शिक्षण मात्र मॅट्रिकच्या उंबऱ्यावरच अडले. थोरले मॅट्रिकला नापास, धाकट्याची शाळा अर्धवट सुटलेली. तिकडे वाळवा तालुक्यात वाटेगावला जन्मलेले अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले आणि त्यांनी ‘फकिरा’ लिहिली.

आता असे समजा, की ही माणसे आज हयात आहेत आणि सातारा-सांगलीतल्या एखाद्या मराठी विभागाला वाटते आहे, यांनी आपल्या मुलांना कथा लिहायला शिकवावे. प्राध्यापकाच्या जागेसाठी पदव्युत्तर पदवी हवी, नेट किंवा सेट हवी, पीएच.डी. असली तर उत्तम. त्या दारातून ‘बनगरवाडी’चा लेखक आत येऊ शकत नाही. त्याच्यासाठी एकच दार उघडे राहते, ते पाहुण्याचे. म्हणून मला वाटते, या भागातल्या विद्यापीठीय लेखनवर्गात पाहुण्याचा तास हा वर्षाकाठी एकदा उरकायचा समारंभ नसावा. अभ्यासक्रमाचा तो एक खांब आहे आणि त्याची आखणी तितक्याच निगुतीने व्हायला हवी.

सातारा आणि सांगली हे लेखनाच्या दृष्टीने एकच शिवार. प्रशासनाच्या दृष्टीनेही ते एकेकाळी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. शिक्षणाची परंपराही जवळपास एकाच वेळी रुजली. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढले आणि त्याच साली कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. आज या दोन्ही जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या, १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली आहेत. साताऱ्यात तर रयतच्याच तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभे राहिले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कौशल्याच्या विषयांना श्रेयांक मिळू लागले, तसे सर्जनशील लेखन, वृत्तलेखन, मुद्रितशोधन असे विषय बी.ए.च्या मुलांसमोर येऊ लागले. कमतरता आहे ती प्रत्यक्ष लिहून, खोडून, छापून आलेल्या हातांची. शिक्षकांनी आयुष्यभर साहित्य शिकवलेले असते. लेखन शिकवणे हे वेगळे काम आहे, आणि दोन्ही येणारे शिक्षक थोडेच असतात.

आपल्याकडे पाहुणा बोलावण्याची परंपरा मात्र दांडगी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ते लोण गावोगाव पोचले. वाईची वसंत व्याख्यानमाला ही तर कृष्णाकाठच्या माणसांची उन्हाळ्यातली हक्काची मेजवानी. पलूस तालुक्यातल्या औदुंबरला कवी सुधांशू आणि म. भा. भोसले या तरुणांनी सदानंद सामंत या आपल्या मित्राच्या आठवणीसाठी १९३९ साली सदानंद साहित्य मंडळ स्थापन केले. तेव्हापासून संक्रांतीला दत्ताच्या देवळाशेजारी नदीकाठी साहित्य संमेलन भरते. मोठमोठे लेखक एवढ्याशा गावात येतात आणि शेतकरी बायामाणसे मांडी घालून ऐकतात. दिल्लीत अखिल भारतीय संमेलन दोनदा भरले, १९५४ आणि २०२५ साली. पहिल्याचे अध्यक्ष वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, दुसऱ्याच्या अध्यक्ष सांगलीच्या तारा भवाळकर. बोलण्याऐकण्याची अशी भूक असलेला मुलूख फार ठिकाणी सापडायचा नाही.

याच परंपरेची एक सवय लेखनाच्या वर्गाला मारक ठरते. पाहुणा म्हटले की आपल्याला सभागृह आठवते. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन. आदरातिथ्यात वावगे काही नाही. पण दीड तासाच्या कार्यक्रमात पाहुण्याच्या वाट्याला चाळीस मिनिटे येतात आणि समोर तीनशे मुले असतात, त्यांतली निम्मी हजेरीसाठी बसवलेली. अशा ठिकाणी लेखक ‘माझा लेखनप्रवास’ सांगतो, कारण दुसरे काही सांगणे शक्यच नसते. मुले टाळ्या वाजवतात, फोटो निघतो, अहवालात नोंद होते. दुसऱ्या दिवशी मुलांची वहीतली वाक्ये आधी होती तशीच राहतात.

लेखनवर्गाला पाहुण्याचे भाषण फारसे लागत नाही. त्याला पाहुण्याचा कच्चा खर्डा लागतो.

छापील पुस्तकात लेखकाने काय ठेवले ते दिसते. काय टाकले ते दिसत नाही. आणि लिहायला शिकणाऱ्याचा सगळा अभ्यास तर टाकण्यातच असतो. एखाद्या कथाकाराने आपल्या कथेची पहिली तीन पाने आणली, त्यांवरच्या काटाकाट्या दाखवल्या आणि ‘ही सुरुवात मी का मोडली’ एवढेच सांगितले, तर वीस मुलांच्या डोळ्यांदेखत एक मोठा गैरसमज गळून पडतो. चांगला लेखक पहिल्याच झटक्यात चांगले लिहितो, हा तो गैरसमज. ग्रामीण भागातून आलेल्या मुलांना तो फार छळतो. आपल्याला सुचत नाही, आपली भाषा गावंढळ आहे, लेखक होणारी माणसे वेगळीच असतात, असे त्यांना वाटत राहते. खोडलेला कागद त्यांना धीर देतो. व्याख्यानातले ‘तुम्हीही लिहू शकता’ हे वाक्य तेवढा धीर देऊ शकत नाही.

जगातल्या विद्यापीठांनाही हे हळूहळूच उमगले. १९२१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने रॉबर्ट फ्रॉस्ट या कवीला आपल्याकडे राहायला बोलावले. नेहमीच्या प्राध्यापकासारखे तासांचे ओझे त्याच्यावर नव्हते. त्याने तिथे असावे, मुलांनी त्याला भेटावे, आपल्या कविता दाखवाव्यात, हेच मुख्य काम. १९३६ साली आयोवा विद्यापीठात लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. तिची पद्धत पुढे जगभर पसरली. विद्यार्थ्याच्या मजकुराच्या प्रती आधीच सर्वांना वाटायच्या, सर्वांनी वाचून यायचे आणि चर्चा चालू असताना लिहिणाऱ्याने गप्प राहून ऐकायचे. त्याच विद्यापीठाने १९६७ पासून देशोदेशींच्या लेखकांना काही काळासाठी बोलावायला सुरुवात केली. आपले दिलीप चित्रे तिथे सत्तरच्या दशकात राहून आले. या सगळ्यांत पाहुणा व्यासपीठावर उभा नाही. तो टेबलाशी बसला आहे आणि त्याच्या हातात दुसऱ्या कुणाचा तरी कागद आहे. आयोवाइतका पैसा आपल्या महाविद्यालयांकडे नाही, पण टेबल आणि कागद तर आहेत.

सातारा-सांगलीत असा वर्ग कसा चालवता येईल, ते एका नदीच्या आधाराने दाखवतो. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाईच्या घाटांवरून, माहुलीच्या संगमावरून, कराडच्या प्रीतिसंगमावरून, औदुंबरवरून सांगलीत उतरते. वर्गाला विषय द्यायचा: कृष्णा. आणि सत्रभरात तीन पाहुणे बोलवायचे. तिघेही नदीवर बोलतील, पण तिघांची लिहिण्याची रीत एकमेकांशी अजिबात जुळणार नाही.

पहिला पाहुणा वाईहून आणावा. साताऱ्याहून वाई पस्तीसेक किलोमीटर. तिथे मराठी विश्वकोशाचे मुख्य कार्यालय आहे. तर्कतीर्थांनी या कामाची घडी बसवली, १९७६ साली पहिला खंड निघाला आणि पुढे एकूण वीस खंड झाले. एवढा मोठा ज्ञानव्यवहार आपल्या दाराशी असून विद्यार्थ्यांना त्याची ओळख स्पर्धा परीक्षेतल्या एका प्रश्नापुरतीच असते. नोंदी लिहिलेला, तपासलेला संपादक वर्गात आला तर तो मुलांना अगदी वेगळी शिस्त दाखवील. नोंदीच्या पहिल्या वाक्यात नदी कोणती, कुठली, हे कळलेच पाहिजे. ‘पवित्र’, ‘विशाल’, ‘संथ वाहणारी’ ही विशेषणे तिथे चालत नाहीत. उगमाची जागा, लांबी, उपनद्या, खोऱ्याचा विस्तार चालतो. आकडा लिहिला तर तो कुठून घेतला ते सांगता आले पाहिजे. दोन आधार वेगवेगळे आकडे देत असतील तर काय करायचे, कुठला ग्राह्य धरायचा, हा प्रश्न मुलांना बहुधा आयुष्यात पहिल्यांदा पडेल. दोनशे शब्दांत कृष्णेची नोंद लिहायला सांगितली, की कविमनाच्या मुलांची दमछाक होते. ती व्हायलाच हवी.

दुसरा पाहुणा वृत्तपत्राचा उपसंपादक. त्याचा तास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो बोलण्याआधी कापतो. विद्यार्थिनीने पुरावर लिहिलेले वाक्य असे धरा:

‘काल दिवसभर झालेल्या संततधार पावसामुळे कृष्णा नदीच्या पाणीपातळीमध्ये लक्षणीय स्वरूपाची वाढ झाल्याचे पाहावयास मिळाले असून नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण निर्माण झाले आहे.’

उपसंपादक ते फळ्यावर लिहून घेईल आणि विचारील, “हे पाणी तू कुठनं बघितलंस?”

“आयर्विन पुलावरनं, सर.”

“मग पूल कुठाय ह्यात?”

मुलगी गप्प. मग तो विचारील, “किती वाढलं?” ती म्हणेल, “सकाळी बत्तीस फूट होतं, संध्याकाळी अडतीस.” “आणि भीती वाटली म्हणजे लोकांनी काय केलं?” “आमच्या गल्लीतल्यांनी फ्रिज माळ्यावर चढवला, सर. म्हशी विश्रामबागेत पाहुण्यांकडं नेल्या.”

आता फळ्यावरचे वाक्य पुसून दुसरे लिहायचे: ‘आयर्विन पुलापाशी कृष्णा सकाळी ३२ फुटांवर होती, संध्याकाळी ३८ फुटांवर आली. नदीकाठच्या गल्ल्यांत लोकांनी फ्रिज माळ्यावर चढवले, म्हशी विश्रामबागेत हलवल्या.’

सांगलीकराला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. चाळीस फुटांवर इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले ती रात्र कुणी विसरलेले नाही. १९२९ साली खुला झालेला हा पूल गावाची मोजपट्टीच होऊन बसला आहे. मुलीला हे सगळे माहीत होते. लिहायला बसल्यावर मात्र तिने माहीत असलेले बाजूला ठेवले आणि लेखी भाषा म्हणून जे कानावर पडले होते ते उचलले. ‘लक्षणीय स्वरूपाची वाढ’ आणि ‘भीतीचे वातावरण’ ही तिची वाक्येच नव्हती. शिक्षकाने हेच पन्नास वेळा सांगितले असेल. तरीही रोज रात्री मुदतीच्या आत पान लावणारा माणूस खडू हातात घेऊन ते करतो, तेव्हा त्याच्या मागे छापखान्याचे घड्याळ उभे असते. मुलांना ते जाणवते.

तिसरा पाहुणा आणताना विभागाला थोडे धाडस करावे लागेल. लिहिता-वाचता न येणारी, पण शेकडो ओव्या तोंडपाठ असलेली एखादी आजी वर्गात यावी. तारा भवाळकरांनी आयुष्यभर लोकसंस्कृतीवर, बायकांच्या मौखिक परंपरेवर काम केले. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. म्हणजे हे धन जोखणारे अभ्यासक आपल्याकडे झाले आहेत. पण लेखनवर्गात ओवी येते ती लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेतली टीप म्हणून. ओवी रचणारीला मोजक्या जागेत माहेर, सासर, भाऊ, नदी, देव बसवायचा असतो आणि तोही दळणाच्या लयीत. नवकवितेच्या नावाखाली वाटेल तशी ओळ तोडणाऱ्या मुलाने हे एकदा जवळून ऐकावे. वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो. या बायकांसाठी नदी ही आई आहे, लेकही आहे. विश्वकोशाच्या नोंदीत जे बसत नव्हते आणि बातमीतून जे कापले गेले, ते सगळे इथे हक्काने येते. तिन्ही तास झाल्यावर त्याच मुलीने कृष्णेवर पुन्हा लिहावे. मग तिला कळते, की कुठले वाक्य कुठे शोभते याचा निर्णय आता तिच्या हातात आला आहे.

पाहुण्यांची यादी एवढ्यावर संपत नाही. सांगलीजवळचे कवलापूर हे काळू-बाळूंच्या तमाशाचे गाव. वाळवा तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे जन्मगाव. वगाचे संवाद पुष्कळदा कागदावर आराखड्यापुरते असतात आणि प्रेक्षकांसमोर घडत जातात. संवादलेखन शिकणाऱ्या मुलांनी फडातल्या अनुभवी सोंगाड्याला बोलवावे आणि आपण लिहिलेला प्रसंग त्याच्या तोंडून ऐकावा. तोंडात न बसणारे वाक्य तो नकळत बदलून टाकील, आणि बदललेल्या जागी बोट ठेवणे हाच गृहपाठ. पटकथा शिकवायची तरी दूर जायला नको. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या कैदखान्यावरून गदिमांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा उभी केली, तो परिसर पाहायला वर्गच तिकडे नेता येईल. जतकडच्या मुलांच्या घरी कानडी बोलतात. त्यांच्यासाठी कानडी-मराठी अनुवाद करणारा पाहुणा आणला, तर घरची भाषा लपवायची वस्तू नाही हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागणार नाही.

साक्षीदार हा पाहुण्यांचा आणखी एक प्रकार. ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात कुंडलच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम नेली. त्या सेनेचे ‘कॅप्टन भाऊ’, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत जगले आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्याकडून ती हकीकत ऐकून लिहून ठेवली. साईनाथ यांना यासाठी मुंबईहून कुंडलला यावे लागले. कुंडलच्या आसपासच्या महाविद्यालयांत किती मुलांनी वही घेऊन कॅप्टन भाऊंच्या पायाशी बसायची संधी साधली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ती पिढी आता गेली. पण १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर काम केलेल्या, कोयनेच्या धरणापायी गाव सोडलेल्या, १९६७ चा भूकंप अनुभवलेल्या बायामाणसांची पिढी अजून आहे. अशा पाहुण्याचा तास म्हणजे मुलाखत घेण्याचा सराव. प्रश्न छोटा कसा विचारायचा, उत्तर अडले तर थांबायचे कसे, रडू आले तर वही मिटायची केव्हा, आणि घरी येऊन लिहिताना त्या माणसाच्या तोंडी आपली वाक्ये कशी घालायची नाहीत, हे सगळे पुस्तकातून येत नाही.

आता व्यवस्थेविषयी. पाहुणा येण्याआधीचे पंधरा दिवस पाहुण्याच्या तासापेक्षा महत्त्वाचे असतात. त्याचे एक तरी पुस्तक, निदान एक कथा किंवा एक लेख, प्रत्येकाने वाचलेला असावा. प्रत्येकाने एक प्रश्न कागदावर लिहून द्यावा आणि शिक्षकाने ‘तुम्हाला लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली’ छापाचे प्रश्न बाजूला काढावेत. मुलांचे चार-पाच मजकूर पाहुण्याला आधी पाठवावेत. वर्ग वीस-पंचवीस मुलांचाच असावा. बाकीच्यांना ऐकायचे असेल तर संध्याकाळी वेगळे जाहीर व्याख्यान ठेवावे, तिथे शालही द्यावी. पाहुण्याने वीस मिनिटे बोलावे आणि उरलेला वेळ मजकुरावर जावा. परिचय दोन वाक्यांत आटपावा. ज्याचे पुस्तक वर्गाने वाचले आहे, त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

काही चांगले लेखक चारचौघांत येतच नाहीत. जी. ए. कुलकर्णी सभासंमेलनांपासून दूर राहिले, पण स्नेह्यांना त्यांनी भरभरून पत्रे लिहिली. त्या स्नेह्यांत सांगलीचे समीक्षक म. द. हातकणंगलेकर होते आणि ती पत्रे आज पुस्तकरूपाने वाचायला मिळतात. अशा अबोल लेखकाला वर्गाने पत्र लिहावे, प्रश्न विचारावेत. उत्तर आले तर ते फळ्यावर लावून त्यावर तासभर बोलता येते. पाहुणा समोर खुर्चीत बसलाच पाहिजे असे नाही.

मानधनाचा मुद्दा मात्र टाळता कामा नये. आटपाडीहून साताऱ्याला यायचे तर एसटीने येण्याजाण्यात दिवस मोडतो. शेतात राबणाऱ्या आजीची त्या दिवसाची मजुरी बुडते, तमाशा कलावंताची सुपारी बुडू शकते. ‘साहित्यसेवा’ म्हणून फुकट बोलावणे, आणि प्राध्यापक पाहुण्याला मानधन देऊन अशिक्षित पाहुण्याला नुसती साडी देणे, या दोन्ही गोष्टी थांबायला हव्यात. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात मिळावा. बाई एकटी येणार असेल तर सोबत कोण, परतीची सोय काय, हे बोलावतानाच ठरलेले असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली आहे. आपल्या क्षेत्रात साधारण पंधरा वर्षे काम केलेल्या तज्ज्ञाला नेहमीच्या पदव्यांच्या अटीशिवाय ठरावीक मुदतीसाठी नेमता येते. मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करायला मुभा आहे. उद्योग आणि तंत्रज्ञानाच्या विभागांचे लक्ष तिकडे लवकर गेले. भाषा विभागांनीही जावे. पंधरा वर्षे अग्रलेख लिहिणारा संपादक, पंधरा वर्षे विश्वकोशाच्या नोंदी घासूनपुसून घेणारा विद्वान हेही आपल्या क्षेत्राचे तज्ज्ञच आहेत. एकेका तासाचा पाहुणा वर्षभर विभागात बसू लागला तर मुले त्याच्याकडे जाता-येता कागद घेऊन जातील.

पाहुणा आला म्हणजे शिक्षक मोकळा झाला, असे मात्र होत नाही. तीन पाहुणे तीन दिशांना ओढतात. उपसंपादक विशेषण कापतो, कवी एका विशेषणासाठी आठवडा घालवतो, आणि मुले गोंधळतात. त्या गोंधळाला वळण देण्याचे काम वर्गाला रोज ओळखणारा शिक्षकच करू शकतो. नावाजलेला पाहुणा एखाद्या मुलाच्या कवितेवर फटकन बोलून जातो आणि मुलगा महिनाभर लेखणी उचलत नाही, असेही घडते. म्हणून चर्चेला काय ठेवायचे, कोणाचे नाव झाकायचे, कोणाला पुढच्या खेपेपर्यंत थांबवायचे, हे शिक्षकाने ठरवावे. पाहुण्यालाही आधी सांगावे, की वर्गात पहिल्यांदाच लिहिणारी मुले आहेत. दोष दाखवा, पण वाक्यावर बोट ठेवून दाखवा.

तास संपल्यावरचा आठवडा बहुतेक ठिकाणी वाया जातो. पाहुणा गाडीत बसला की काम संपले असे समजले जाते. खरे तर आता प्रत्येकाने आपला मजकूर पुन्हा लिहायचा असतो, आणि पहिला व दुसरा खर्डा एकत्र शिवून ठेवायचा असतो. गुण द्यायचे तर या दोन खर्ड्यांमधल्या अंतराला द्यावेत. त्यामुळे आधीच चांगले लिहिणाऱ्यालाही बसून राहता येत नाही आणि मागे पडलेल्यालाही पुढे येता येते. त्यांतले तीन-चार मजकूर पाहुण्याला पोस्टाने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत आणि एवढीच विनंती करावी, की प्रत्येकावर एक ओळ लिहून द्या. हे मजकूर महाविद्यालयाच्या वार्षिकात छापताना पाहुण्याची ती ओळही खाली छापावी. आणि ज्या आजीला वाचता येत नाही, तिच्याकडे दोन मुलांनी जाऊन तिच्यावर लिहिलेले तिला वाचून दाखवावे. जिथे ती म्हणेल ‘असं न्हवतं ग’, तिथे खूण करून घ्यावी आणि तो परिच्छेद तिसऱ्यांदा लिहावा.